पाच वस्तूंच्या जागी एक फोन

मानोऱ्याहून एका वाचक-भगिनीचे पत्र आले आहे. पत्रासोबत तिने किराण्याच्या यादीसारखी एक यादीच जोडली आहे. "ह्यांचा बटणांचा फोन आहे, तो दिवसभर वावरात असतो. मामाजींचा ट्रान्झिस्टर आहे, त्याचं झाकण सुतळीने बांधलेलं. कोरोनात मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टच फोन आहे, काच तडकलेली, काही उघडायला गेलं की तापतो आणि बंद पडतो. भावाने दिलेला कॅमेरा आहे, त्याची बॅटरी आता मिळत नाही. शिवाय गजराचं घड्याळ. शिलाईचे बारा हजार रुपये मी साठवले आहेत. ही सगळी अडगळ काढून एकच चांगला फोन घ्यावा म्हणते. कोणता घेऊ?"

या पत्राचे उत्तर एखाद्या कंपनीचे नाव सांगून दोन ओळींत देता आले असते. पण फोनची नावे दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. आज सांगितलेला फोन हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत दुकानातून गेलेलाही असेल. शिवाय यादी पुन्हा वाचली तेव्हा मला वेगळेच काही दिसले. या पाचही वस्तूंना आपापला धनी आहे, बरं का! ट्रान्झिस्टर मामाजींच्या उशाशी, बटणांचा फोन यजमानांच्या खिशात, टच फोन मुलाकडे, घड्याळ तुमच्या डोक्याशी. पाच वस्तू पाच ठिकाणी एकाच वेळी चालत होत्या. त्या जागी एक वस्तू आली, तर ती एका वेळी एकाच्याच हातात राहणार.

तो हात कोणाचा, हे फोन घेण्याआधी ठरवा. दुकानात गेल्यावर ते ठरत नाही आणि घरी आल्यावर आपोआप ठरते! आपल्याकडे "घरचा फोन" म्हटले की तो घरातल्या पुरुषाच्या खिशात जातो आणि संध्याकाळी पोराच्या खेळासाठी बाहेर येतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. शेतीचे कामच आता फोनवर आले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. सोयाबीन, तूर, कपाशी जे काय पेरले असेल त्याची नोंद त्या वावरात उभे राहून, पिकाचा फोटो काढून करावी लागते. म्हणजे यजमानांना चांगला फोन लागतो हे खरेच आहे. पण तुम्हालाही लागतो, आणि नेमका त्याच वेळी लागतो.

लाडक्या बहिणीचेच घ्या. योजना जुलै २०२४ पासूनची, महिन्याचे १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार होता. आधी बाईचा स्वतःचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा. ज्या घरी सगळ्यांच्या आधारला एकच नंबर, आणि तो नंबर वावरात, तिथे बाई केंद्रावर बसून वाट बघणार. बँकेचे तेच, गॅसचे तेच. तुमच्या खात्यात पैसे असतात आणि त्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात वाजत असते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे. पैसे तुमच्या शिलाईचे आहेत. फोन तुमच्या नावाने घ्या, बिलावर नाव तुमचे लिहायला सांगा, त्यात सिम तुमच्या नावाचे घाला, आणि आधारला व बँकेला तोच नंबर जोडा. आधारमधला नंबर आधार केंद्रावर अंगठा देऊन बदलून मिळतो, १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे ७५ रुपये पडतात. हे काम आधी, मग फोनचे कव्हर आणि काचेचा पापुद्रा. पीक पाहणीच्या दिवशी यजमानांनी हा फोन मागून न्यावा आणि परत आणून द्यावा. विळी शेजारणीला देतोच की आपण, तशी!

आणि त्यांचा बटणांचा फोन? तो अजिबात टाकू नका. तुमच्या यादीतली सर्वांत कामाची वस्तू तीच आहे. पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली तरी तो चालतो, चिखलात पडला तरी जीव खालीवर होत नाही. खर्चाचेही ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना इंटरनेट नसलेला, नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा रिचार्ज ठेवायला लावले. बटणांच्या फोनसाठी तोच मागा. दुकानदार सवयीने इंटरनेटवाला मारून देतो. मात्र एक अट. तो फोन जुना टू-जी असेल तर त्यात जिओचे सिम चालत नाही, कारण जिओचे टू-जी नेटवर्कच नाही.

आता ट्रान्झिस्टर. इथे मी मामाजींच्या बाजूची आहे. फोनमध्ये रेडिओ असतो असे दुकानदार सांगेल, पण अर्धेच सांगेल. फोनमधला रेडिओ फक्त एफएम पकडतो, मीडियम वेव्ह नाही. तोही सगळ्या फोनांत नसतो. आणि असला तरी बहुतेकदा वायरचे इअरफोन खुपसल्याशिवाय लागत नाही, कारण ती वायरच त्याची एरियल असते. इअरफोनचे भोक नसलेले फोनही आता पुष्कळ आहेत. इंटरनेटवरून आकाशवाणीच्या "न्यूज ऑन एअर" या अ‍ॅपवर केंद्रे ऐकता येतात, ती मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांना ठीक. सत्तरीच्या माणसाने सकाळी उठून आधी कुलूप उघडावे, मग चित्र शोधावे, मग गोल फिरणारे चक्र संपायची वाट बघावी, तेवढ्यात बातम्या संपतात. दोन सेल आणि एक सुतळी यांत त्यांचे काम भागते आहे ते भागू द्या. सुतळी मात्र बदला.

गजराचे घड्याळही राहू द्या. फोनची बॅटरी रात्री संपली की गजरही गेला, आणि परीक्षेच्या दिवशी नेमकी संपते. कॅमेरा खुशाल काढा. त्याची जागा फोन उत्तम घेतो. कॅमेऱ्यातले कार्ड काढून त्यातले फोटो मात्र आधी कुठेतरी उतरवून घ्या, नाहीतर लग्नाचे, बारशाचे फोटो अडगळीबरोबर भंगारात जातील.

म्हणजे पाचांतल्या दोन वस्तू गेल्या, तीन राहिल्या. तुम्हाला वाटेल, मग फोन कशाला? आता त्याच्याकडे वळू.

दुकानात तुम्हाला आकडे ऐकवतील. घाबरू नका, स्वयंपाकघराइतकेच ते सोपे आहे. फोनमध्ये दोन जागा असतात. एक रॅम, म्हणजे आपला ओटा. दुसरी साठवण, म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की एका वेळी एकच पातेले मावते, दुसरे ठेवायला पहिले उचलावे लागते. फडताळ कितीही मोठे असले तरी ओट्याची अडचण ते दूर करत नाही. तुमचा तडकलेला फोन तापून बंद पडतो त्याचे एक कारण बहुधा हेच असणार.

हे किती महागात पडते ते आपल्या अंगणवाडी सेविकांना विचारा. २०१९ साली सरकारने त्यांना फोन दिले, रॅम २ जीबीची. सेविकांच्या माथी असलेल्या अकरा रजिस्टरांचा भार त्यातून कमी व्हायचा होता. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले आणि त्या फोनांना ते झेपेना. फोन तापत, अडकत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर पडू लागला, वॉरंटीही संपलेली. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोर्चे काढून ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. फोन फुकट मिळाला होता, तरीही परत करावासा वाटला, यातच सगळे आले. तेव्हा २ जीबी आणि ३ जीबीकडे बघूही नका. चार जीबी ही शेवटची पायरी. तुमच्या बारा हजारांत सहा बसली तर फारच छान. फडताळ १२८ जीबीचे घ्या. ६४ म्हणतात त्यातले बरेचसे फोनचे स्वतःचे सामानच व्यापते, उरलेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे गुड मॉर्निंग सहा महिन्यांत भरून टाकतात.

यात एक चलाखी असते ती सांगून ठेवते. डब्यावर मोठ्या अक्षरांत "१२ जीबी" आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत "६ + ६". त्यातली पहिली सहा खरी. दुसरी सहा म्हणजे फडताळाची एक फळी ओढून तिला ओटा म्हटलेले असते. दुकानदाराला सरळ विचारा, "खरी रॅम किती?" हा एक प्रश्न विचारलात की तो तुमच्याशी जरा जपून बोलू लागेल!

मागे तीन-चार कॅमेऱ्यांचे डोळे दिसतात, त्यांनाही भुलू नका. स्वस्त फोनात त्यातला एकच कामाचा असतो, बाकीचे मंगळसूत्राच्या वाटीशेजारच्या काळ्या मण्यांइतकेही काम करत नाहीत. त्यापेक्षा फोन हातात घेऊन दुकानाबाहेर उन्हात जा आणि पडदा वाचता येतो का बघा. वावरात फोटो काढायचा तर ही परीक्षा खरी. बॅटरी ५००० एमएएचच्या खाली नको. पडदा किती वेगाने सरकतो त्याचे आकडे सांगतील ते कानाआड करा. पण "या फोनला सुरक्षेची अपडेट किती वर्षे मिळणार?" हे जरूर विचारा. स्वस्त फोनांत फरक पडतो तो इथेच. दोन वर्षांत कंपनीने हात वर केले तर तुमच्या बँकेच्या अ‍ॅपला मागचे दार उघडे राहते.

फाइव्ह-जी घ्यावा का? देशात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले. मिळाला तर घ्या, पण त्यापायी रॅम कमी करू नका. मानोऱ्यात तुमच्या आळीत आणि तुमच्या वावरात कोणत्या कंपनीची रेंज लागते हे दुकानदारापेक्षा शेजारीण चांगले सांगेल. तिचा फोन घेऊन न्हाणीघरापर्यंत फिरून पाहा. फोनात दोन सिम बसतात. दुसऱ्या सिमची जागा आणि कार्डाची जागा वेगवेगळी आहे ना, तेही बघून घ्या. काही फोनांत दोन्हींना मिळून एकच खाच असते, मग सिम घातले की कार्ड बाहेर.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कधीच नसते. बोटाच्या ठशाचे कुलूप. कापूस वेचून, भांडी घासून, सारवण करून आपल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. फोन ठसा ओळखत नाही आणि बाई म्हणते, "मला नाही जमत बाई हे." जमत नाही असे काही नाही! दोन्ही अंगठे आणि दोन-तीन बोटे नोंदवून ठेवा, आणि आकड्यांचा पिन स्वतः पाठ करा. पिन मुलाला ठेवायला सांगू नका. भाषा मराठी करून घ्या, अक्षर मोठे करून घ्या. दोन्ही सेटिंगमध्ये असते आणि दुकानातला पोरगा दोन मिनिटांत करून देतो. पैसे देण्यापूर्वीच करून घ्या म्हणजे हसतमुखाने करतो.

खरेदीला घाई नको. मानोऱ्यातच घ्या, की मंगरूळपीर-कारंज्याला जाऊन घ्या, की वाशिमला. पण त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी विचारा. ते अकोल्याला किंवा अमरावतीला असेल तर बिघाड झाल्यावर एक दिवसाची शिलाई बुडते, हा खर्च किमतीत धरा. एस.टी.चे तिकीट आपल्याला अर्धे असले तरी दिवस काही अर्धा होत नाही. "शून्य टक्के व्याज" म्हणून हप्त्यावर देतात, तिथे सगळे हप्ते अधिक फाइलचा खर्च अधिक जबरदस्तीचा विमा अशी बेरीज कागदावर मांडा आणि रोख किमतीशेजारी ठेवा. तुमच्याजवळ रोख आहे. तिचा मान ठेवून घ्या, एखादा चांगला वायरचा इअरफोन तरी मागा.

डबा उघडला की स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर पडद्यावर येतो. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी आकडा आकडा जुळवा. जुना फोन विकत घेत असाल तर हे फारच महत्त्वाचे. इंग्रजीत के-वाय-एम लिहून, एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस केला की त्या नंबरची माहिती येते. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळते. मग हा नंबर कॅलेंडरच्या मागे आणि धान्याच्या कोठीच्या झाकणाच्या आत, दोन ठिकाणी लिहून ठेवा. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत फोन गेला, तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथीवर तो बंद करता येतो. ही सोय २०२३ पासून देशभर आहे, पण नंबर नसेल तर काय बंद करणार?

कारण एका गोष्टीचा विचार या सगळ्या हौसेत मागे पडतो. पाच वस्तू असताना चोर एक नेई, चार उरत. आता एका फोनात फोटो, हिशेब, बँक, मुलाचा अभ्यास, सगळे एकत्र. फोटोंची प्रत दर दोन महिन्यांनी पेनड्राइव्हवर घ्या. गुगलवर फुकट जागा १५ जीबीच असते आणि त्यात ई-मेलही मोजतात. बचत गटाचा हिशेब मात्र वहीतच राहू द्या. कॅल्क्युलेटर फोनचा वापरा, सह्या कागदावर घ्या.

आणि चोर आता दारातून येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर "पीएम किसान", "लाडकी बहीण केवायसी" अशा नावाची फाइल येते, शेवटी ए-पी-के अशी तीन अक्षरे असतात, आणि पाठवणारा कधीकधी ओळखीचाच असतो, कारण त्याचाही फोन त्याच फाइलने पकडलेला असतो. ती उघडायची नाही. चुकून उघडलीच आणि खात्यातून पैसे गेले, तर कोणाला न सांगता रडत बसू नका. पहिल्या तासाभरात १९३० ला फोन करा, मग बँकेला. इथे बटणांचा फोन पुन्हा उपयोगी पडतो, कारण पकडलेला फोन लगेच बंद करून ठेवावा लागतो. फोनचे कुलूप आणि पैशाचा यूपीआय पिन हे दोन वेगवेगळे ठेवा. मुलाला खेळायला फोन दिलात तरी दुसरा पिन त्याला माहीत नसावा. दुकानदाराने बिघडलेला फोन बदलून द्यायला टाळाटाळ केली, तर ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे.

राहिला तो तडकलेला फोन. त्यातले फोटो काढून घ्या, गुगलचे खाते काढा, मग सेटिंगमधून तो पूर्ण कोरा करा. भंगारवाल्याला तसाच दिलात तर तुमचे खाते त्याच्या हाती जाते. एक्स्चेंजमध्ये कोणी हजार-पाचशे देत असेल तर देऊन टाका. पाठ फुगलेली दिसली तर मात्र तो चार्जिंगला लावू नका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि चुलीजवळच्या कोनाड्यात तर मुळीच ठेवू नका. फुगलेली बॅटरी टोचली किंवा तापली की पेट घेते. मातीच्या भांड्यात, घराबाहेरच्या सावलीत ठेवा आणि तालुक्याला फोन दुरुस्तीवाल्याकडे जाल तेव्हा नेऊन द्या.